झालरीचा बंगला

बाई, तुमचं घर पाडलं. मागच्या महिन्यात एका सोमवारी काम सुरू झालं आणि शुक्रवारी दुपारी तिथे नुसती जमीन होती. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तेव्हा ही बातमी तुम्हाला कळवायचा प्रश्नच नाही. तरी लिहायला बसलेय, कारण त्या घराच्या सगळ्या बातम्या तुम्हाला मीच सांगत आले. कौल फुटलं, पन्हाळीत पिंपळ उगवलाय, जिन्याची तिसरी पायरी हलतेय, माडीवरच्या निळ्या काचेला तडा गेलाय. तुम्ही खुर्चीत बसून ऐकायचात आणि म्हणायचात, "बघू." आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. पण मी त्यासाठीही लिहीत नाहीये. घर पडण्याआधी पालिकेच्या सुनावणीत एक कागद वाचला गेला, तुमच्या हातचा. तो वाचला गेल्यापासून मी रोज मनात तुमच्याशी भांडतेय, आणि मनातलं भांडण पुढे सरकत नाही. तिथेच फिरत राहतं. म्हणून हे कागदावर.

गावात त्याला झालरीचा बंगला म्हणायचे. छपराच्या कडेला लाकडात कोरलेली नक्षी होती ना, लुगड्याच्या काठासारखी, त्यावरून. मिठाच्या कामावर आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाने व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो बांधला, पुढे तुमच्या आजोबांनी विकत घेतला, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मला माझ्या आजोबांपेक्षा तुमच्या आजोबांची माहिती जास्त. उंच उतरतं छप्पर, कमानीच्या खिडक्या, रंगीत काचा, बिडाचा गोल जिना, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत चक्क शेकोटी, वर संगमरवराची फळी. माझ्या बापाला त्या शेकोटीचं फार हसू यायचं. आपल्याकडे माघातसुद्धा अंगावर चादर लागत नाही. "गोरा येराच होता गो," तो म्हणायचा, येरा म्हणजे वेडा. "भायंदरान शेकोटी!" बंगल्यासमोर तेव्हा सगळं मिठागर. सकाळच्या उन्हात पांढऱ्या राशी अशा चमकायच्या की बंगल्याकडे डोळे बारीक करून बघावं लागायचं. बाप आगरात मीठ ओढायचा, आई डोक्यावर टोपल्या वाहायची, आणि दोघांनाही तुमच्या व्हरांड्यातली आरामखुर्ची लांबून दिसायची.

मी पाचवीत असताना तुम्ही मला स्कॉलरशिपच्या अभ्यासासाठी रविवारी घरी बोलावलंत. आईने मला दोनदा आंघोळ घातली आणि निघताना बजावलं, "मागल्या दारानशी जा. मोठ्या लोकांचा घर हाय." मी मागच्या दाराशी उभी. कडी वाजवायची हिंमत नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे, तुम्हीच विहिरीवर पाणी काढायला आलात आणि मला बघितलंत. तुम्ही म्हणालात, "इथे काय करतेस? पुढच्या दाराने ये. माझ्या विद्यार्थिनी पुढच्या दाराने येतात." मी घराला अर्धी प्रदक्षिणा घालून पुढे आले. तुम्ही आतून येऊन दार उघडून उभ्या होतात. बाई, तुम्हाला कल्पना नसेल, पण मी पुढे चाळीस वर्षं त्या एका वाक्यावर काढली.

दार उघडलंत खरं, पण माझे पाय बघून तुम्ही थांबलात. मिठाने चिरलेले पाय होते ते, भेगांत चिखल. खाली इंग्लंडहून आलेल्या नक्षीच्या फरशा. तुम्ही बादली आणून दिलीत. पुढच्या रविवारी खुर्चीवर कॅनव्हासचे पांढरे बूट ठेवलेले होते, माझ्या मापाचे. "घाल," म्हणालात. "पायांना मीठ लागू देत जाऊ नकोस." ते बूट मी शाळेत घातले, आगरावर कधीच नाही. बापाचं जेवण घेऊन जाताना ते हातात धरून बांधावरून अनवाणी जायची. तुम्ही व्हरांड्यातून बघत असाल तर काय म्हणाल, ही भीती. आणि बूट खराब झाले तर दुसरे मिळायचे नाहीत, ही दुसरी.

भाषेवरून तुम्ही मला एकदाच बोललात, पण ते पुरलं. मी काहीतरी विचारलं, त्यात "मना न्हाय समजला" असं होतं. तुम्ही पुस्तक मिटलंत. "या घरात 'मला समजलं नाही' असं म्हणतात. जे नीट बोलता येत नाही, ते नीट समजतही नाही." मी घरी जाऊन आईला शिकवायला गेले, 'न्हाय' नाही गं, 'नाही'. आई हसली. बाप मात्र जेवताना उठला आणि अंगणात जाऊन बसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, त्याला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही. आज माझ्या बोलण्यावरून मी कुठली ते कुणाला ओळखू येत नाही. आमच्याच गावातल्या लग्नात मला पाहुणी समजतात. ही तुमचीच मेहनत, आणि मी तिचा अभिमान बाळगला.

मी शिकले, डीएड केलं, तुमच्याच शाळेत लागले. तुम्ही निवृत्त झालात, तुमची आई गेली आणि त्या एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्या राहिलात. मी शाळा सुटली की येऊन तासभर बसायची. समोरची आगरं तेव्हा एकेक करून बुजत होती, इंद्रलोकच्या बाजूला इमारती उठायला लागल्या होत्या आणि तुमच्या फाटकाशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन कार्डं देऊन जायची. त्यातल्याच एकाला वाटेला लावून तुम्ही व्हरांड्यात परत आलात तो दिवस मला आत्ता समोर दिसतोय. तुम्ही बसताय, पदराने चष्मा पुसताय, आणि माझ्याकडे न बघता म्हणताय, "हे घर विकायचं नाही. माझ्यानंतर इथे मुलींना बसून वाचता आलं पाहिजे. घरात जागा नसलेल्या मुलींना. तुझ्यासारख्या. तू बघशील ना?"

मी "हो" म्हटलं.

त्या होकाराचं पुढे काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. माझ्या नवऱ्याची कंपनी पुण्याकडे गेली. तिथे त्याला घर मिळत होतं, मलाही एका शाळेत बोलावणं होतं. मी म्हटलं, बाईंना एकटं टाकून कशी येऊ? सहा वर्षं तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मुलगी लहान होती. बाबा म्हणजे शनिवार, असं तिचं गणित. तो चिडका नाही, तुम्हाला माहीत आहे. एकदाच म्हणाला, "त्या घरासाठी आपलं घर दोन ठिकाणी पडलंय, हे तुझ्या बाईंना कळतंय का?" मी त्याला म्हणाले, बाईंना सगळं कळतं. तुमचे गुडघे गेल्यावर मी दुपारी तुमच्या पायांना तेल लावायची, पेज करून ठेवायची, पेपर वाचून दाखवायची. अग्रलेखात काही चूक निघाली की तुम्ही बोट वर करायचात, वर्गात करायचात तसंच. तुमचं डोकं शेवटपर्यंत कुणाच्याही डोक्यापेक्षा स्वच्छ चालत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय.

तुमच्या शेवटच्या आजारपणाच्या वर्षभर आधी पालिकेकडून एक माणूस आला होता, जुन्या वास्तूंच्या पाहणीसाठी. त्याच्याकडे कॅमेरा, मोजपट्टी आणि फाईल. पट्टीचं दुसरं टोक धरून मी त्याच्याबरोबर घरभर फिरले. त्याने झालरीचे फोटो काढले, शेकोटीपुढे उकिडवा बसून राहिला, म्हणाला, "मॅडम, मीरा-भाईंदरमध्ये असं दुसरं घर मी तरी नाही बघितलं." तुम्ही त्याला सोनेरी काठाच्या कपातून चहा दिलात. निघताना त्याने विचारलं, हे घर यादीत घालायला तुमची हरकत नाही ना? तुम्ही म्हणालात, "लेखी कळवते." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी पेढे घेतले. यादीत आलं की पाडता येणार नाही, आणि पाडता येणार नाही म्हणजे मुलींना वाचायला जागा झालीच. पुढे काय झालं म्हणून मी तुम्हाला दोन-तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "बघू, सरकारी कामं." तुम्ही लेखी कळवलंत, बाई. तुम्ही शब्दाच्या पक्क्या.

तुम्ही गेलात. इच्छापत्रात घर तुमच्या बडोद्याच्या भाच्याच्या नावे होतं, वाचनालयाचा उल्लेख नव्हता. मी मनाला सांगितलं, राहून गेलं असेल. आजारी माणसाचं राहतं. भाच्याने कुलूप लावलं आणि दहाएक वर्षं ते तसंच राहिलं. आजूबाजूला सोळा-सोळा मजले उभे राहिले आणि मधे तुमचं छप्पर, झालरीचे दात पडत चाललेलं. मग फाटकावर बिल्डरचा बोर्ड लागला. त्याच सुमारास पालिकेने जुन्या वास्तूंची यादी पुन्हा काढली आणि हरकती-सूचना मागवल्या. मी अर्ज केला. माझ्या मुलीची मैत्रीण आर्किटेक्ट आहे, तिने जुन्या फोटोंवरून घराचे नकाशे काढून दिले, एक पैसा न घेता. मी सह्या गोळा करायला लागले. शाळा सुटल्यावर इंद्रलोकमधल्या एकेका बिल्डिंगमध्ये जायचं, बेल वाजवायची. "आंटी, वो भूतबंगला? उसको कायको बचाने का?" मी हिंदीत समजावायची, तिथे लायब्ररी होणार आहे, मालकिणीची इच्छा होती. एका गुजराती बहेननी अख्ख्या विंगच्या सह्या आणून दिल्या. "छोकरांव माटे सारू छे," म्हणाल्या. अर्जात पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं, की मुलींसाठी कायमस्वरूपी वाचनालय व्हावं ही मूळ मालकिणीची इच्छा होती आणि ती त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवली होती. सगळा अर्ज त्या वाक्यावर उभा होता.

सुनावणी सकाळी अकराला. लांब टेबल, टोकाला अधिकारी, शांत बोलणारे गृहस्थ. एका बाजूला मी आणि ती आर्किटेक्ट मुलगी, समोर तुमचा भाचा आणि वकील. भाचा आता साठीचा झालाय, हसताना तुमच्यासारखी मान तिरकी करतो. मी अर्ज वाचून दाखवला. साहेबांनी नकाशे नीट बघितले, शेकोटीच्या फोटोवर थोडे थांबले. मला वाटलं, जमतंय. मग वकील उठले आणि म्हणाले, "मूळ मालकिणीची इच्छा काय होती, ते मूळ मालकिणीनेच लिहून ठेवलंय." त्यांनी एक कागद साहेबांना दिला आणि त्याची प्रत माझ्यापुढे सरकवली.

मला पहिल्यांदा वाटलं, हे माझंच अक्षर आहे. मी हे कधी लिहिलं? उजवीकडे झुकलेली अक्षरं, 'श'ची गाठ, वाक्याच्या शेवटी दाबून दिलेलं टिंब. मग कळलं, माझं अक्षर ज्यावरून आलं ते हे. तारीख बघितली. मोजपट्टीवाला येऊन गेल्यानंतर वीस दिवसांनी.

वकिलांनी ते मोठ्याने वाचलं. घर जीर्ण झालं आहे, ते यादीत घालू नये, माझ्यामागे त्याचं काय करायचं तो निर्णय माझ्या भाच्याचा असावा. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. घर तुमचं होतं. मग ते पुढे वाचायला लागले. "या घराविषयी आपल्या कार्यालयाकडे जो आग्रह धरला जात आहे तो माझा नाही. पूर्वी मिठागरात काम करणाऱ्या एका कुटुंबातील माझी माजी विद्यार्थिनी माझ्याकडे वरचेवर येते. मी एकटी आणि परावलंबी असल्याने तिला स्पष्ट काही बोलू शकत नाही. तिचा व तिच्या माणसांचा या घरावर डोळा असल्याची मला शंका आहे. तरी माझ्या पश्चात त्यांचा कोणताही दावा ग्राह्य धरू नये."

तिची माणसं. बाई, माझी माणसं कोण? माझा बाप तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती आणि आयुष्यात तो तुमच्या व्हरांड्याची पायरी कधी चढला नव्हता. आई एकदाच आली, तुमची आई गेली तेव्हा, आणि फाटकाशी उभी राहून परत गेली. माझा नवरा तुमच्याकडे चहा घेतानाही घड्याळ बघायचा. कोणाचा डोळा? ज्या दुपारी तुम्ही हे लिहिलंत त्या दुपारीही मी आले असणार. मी रोज यायची. तुम्ही कागद कुठे ठेवलात, उशीखाली? आणि पाय पुढे केलेत तेल लावायला?

त्या टेबलाशी बसल्या बसल्या मला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती इथे लिहिली नाही तर हा सगळा कागद खोटा होईल. माडीवरच्या निळ्या काचेच्या खिडकीशी माझं टेबल असेल, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. वाचनालय झालं तर कुणीतरी ते सांभाळायला हवं ना? ते टेबल कसं असेल, त्यावर काय काय असेल, मुली आत येताना मी मान वर करून कशी बघेन, हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. तेव्हा डोळा अजिबातच नव्हता, असं मी म्हणू शकत नाही. पण बाई, तो डोळा तुम्हीच दिलेला होता. "तू बघशील ना?" असं तुम्हीच विचारलं होतंत.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, हे अक्षर तुमच्या ओळखीचं आहे?"

"हो. बाईंचंच आहे."

त्यांनी ते पत्र माझ्या अर्जाशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या अर्जाचा पायाच मालकिणीची इच्छा हा आहे. या पत्राने तो जातो. पण त्या तेव्हा वयस्कर होत्या, आजारी होत्या. त्यांची मनःस्थिती कशी होती? तुम्ही रोज जात होतात म्हणता. म्हणजे ते सांगू शकेल अशा तुम्हीच." त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, हे मला कळत होतं. शेजारी बसलेली आर्किटेक्ट मुलगी माझ्या कानाशी आली. "काकू, सांगा ना, त्यांना विसरायला व्हायचं, संशय यायचे. म्हाताऱ्या माणसांना येतात. एवढंच सांगा." वकीलसुद्धा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. भाचा टेबलाकडे.

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते पूर्ण खोटंही वाटलं नसतं. तुम्ही असं लिहावं हेच मुळात वेडाचं लक्षण, असं कुणीही मानलं असतं. मी उठून उभी राहिले. सुनावणीत उभं राहायचं नसतं, पण तुमच्या वर्गात उत्तर उभं राहूनच द्यायची सवय.

"त्या पूर्ण शुद्धीवर होत्या," मी म्हटलं. "त्यांचा एक शब्दही कधी चुकायचा नाही. त्यांनी हे समजून-उमजून लिहिलंय."

बाहेर पडल्यावर भाचा मागून आला. "ताई, माफ करा. मला हे वापरायचं नव्हतं. मावशीने पत्राची एक प्रत मला पाठवलेली, मी नुसती सांभाळून ठेवली होती. वकिलांना फाईल दिली, त्यात ती निघाली." मग चाचरत म्हणाला, "ती तुमच्याविषयी फोनवर खूप चांगलं बोलायची. 'ती नसती तर मी कधीच गेले असते,' म्हणायची. मलाही कळलं नाही तिने असं का लिहिलं." हे त्याने सांगायला नको होतं. नुसत्या वाईट माणसाला विसरता येतं. तुम्ही फोनवर एक बोललात आणि कागदावर दुसरं लिहिलंत, आणि दोन्ही एकाच तोंडाने, तेही व्याकरणशुद्ध.

आईला मी सगळं सांगितलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, आमच्याकडे सिल्व्हर पार्कला असते, दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या भाजीवाल्याशी हिंदीत वाद घालते. मला वाटलं, ती तुम्हाला शिव्या देईल. आमच्या गावच्या शिव्या तिला अजून येतात. तिने शेंगा सोलत सोलत सगळं ऐकून घेतलं.

"तिचा घर होता गो," ती म्हणाली. "तिला वाटला तसा केला. तू कशाला जीव जालतेस?"

"पण आई, माझ्यावर संशय? मी काय घेतलं तिचं?"

"ती वाईट न्हवती. भ्यायली आसल. आपून तिला भ्यायचो, ती आपल्याला भ्यायची. तुलाच तेवरा कधी समजला न्हाय."

शेंगा संपल्या, ती उठून आत गेली. मी टरफलं गोळा करत बसले. आई एवढं सगळं बघत होती आणि चाळीस वर्षं काही बोलली नाही, याचाही मला राग आला. पण ती म्हणते तसं असेल का, बाई? मी तेलाची वाटी घेऊन आत यायची तेव्हा तुम्हाला भीती वाटायची? सगळी आगरं बुजली, आमच्या लोकांचं काम गेलं, कुणी रिक्षा घेतली, कुणी काशीगावकडे हायवेवर गाड्या धुवायला लागलं, आणि तुम्ही त्या घरात एकट्या, गुडघ्यांनी अडकलेल्या. रोज दुपारी दार उघडून आत येणारी मी. किल्ली तुम्हीच दिली होती. तरी मला ते पटत नाही. भीती वाटली तर माणूस किल्ली परत मागतो. तुम्ही ती मागितली नाहीत, कारण दुपारची पेज हवी होती.

पाडायला सुरुवात झाली तेव्हा मी जाणार नव्हते. बुधवारी गेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते, तिच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिले. झालर आधीच उतरवून ट्रकमध्ये रचली होती. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक असतं म्हणे. बिडाचा जिना आकाशात तसाच उभा होता, वर काही नसलेला. जेसीबीने दिवाणखान्याची भिंत ओढली तेव्हा शेकोटीवाला तुकडा सुटून एकटाच उभा राहिला, आतून काळा. म्हणजे त्यात कधीतरी खरंच जाळ झाला होता. हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "टीचर, बसा ना, चहा टाकते," आणि मी म्हटलं, टाक. तिच्या मुलीने मला विचारलं, "आजी, तुम्ही रडताय?" मी रडत नव्हते. मला नीट बघायचं होतं.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमचा पत्ताच आता नाही. त्या जागी तीन विंगचा टॉवर येईल आणि त्याला कुठलंतरी नाव असेल. घडी घालून कपाटात ठेवीन किंवा ठेवणारही नाही. मुलीला वाचायला देणार नाही, एवढं नक्की. तिला वाटतं, तिच्या आईने सगळं हातचं जात असताना खरं सांगितलं. तिच्या मैत्रिणीलाही आता तसंच वाटतं. ती भेटली की म्हणते, काकू, मला नसतं जमलं. शाळेत स्टाफरूममध्ये कुणीतरी हा किस्सा सांगितला आणि दोन तरुण शिक्षिका उठून माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं.

तुम्हाला म्हणून सांगते. खरं बोलायचं म्हणून मी उभी राहिले नव्हते. तुमची बाजू राखायची म्हणून तर मुळीच नाही. माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी एक पाटी आली होती. घर वाचलं असतं तर ती लागलीच असती, पुढच्या दाराशी, तुमच्या नावाची, मुलींसाठी घर ठेवून गेलेल्या बाई म्हणून, आणि पुढची शंभर वर्षं पोरी ती वाचत आत गेल्या असत्या. ते मला नको होतं.